घराण्याची वंशावळ

आपल्या गोंदिया भागात सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सांधे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते. तो शिवाशिवीने लागत नाही, आईबापांकडून येतो.

चला, आपण कागदावर वंशावळ मांडू. वर आजा-आजी, मग आईबाप, खाली मुले. पुरुष चौकोन, बाई गोल. रोगी पूर्ण काळा, वाहक अर्धा काळा. वाहक धडधाकट दिसतो; रक्त तपासूनच कळतो.

समजा, आईबाप धडधाकट, पण मूल रोगी. मग वर बघा : आई अर्धी काळी, बापही अर्धा काळा! एकट्या सुनेला बोल का लावायचा? अशा जोडप्याच्या दर मुलाला चारात एक इतका रोगाचा धोका असतो.

म्हणून आम्ही सांगतो, सोयरीक ठरण्याआधी दोघांचेही रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.