दुकानाचा तराजू आणि न्यायाचा तराजू

दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या धर्माविषयी, मताविषयी आणि घरसंसाराविषयी तोंड उघडू नये, असा आपल्या बाजारपेठांचा जुना संकेत आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांदूळ मोजून देणारा व्यापारी समोरच्या माणसाचे देव्हाऱ्यातले दैवत विचारत नाही. त्याचे लक्ष तराजूच्या काट्यावर असते. हा संकेत शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. परंतु जगातील मोठमोठ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत तो मोडला, आणि तोही समलिंगी व्यक्तींच्या विवाहासारख्या अत्यंत नाजूक प्रश्नावर मोडला. कोणी त्यांना धैर्यवान म्हटले, कोणी ढोंगी म्हटले, कोणी त्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूस पडतो. विवाहासारख्या बाबतीत बोलण्याचा अधिकार व्यापारी संस्थेला आहे काय, आणि असल्यास कोठपर्यंत, हा तो प्रश्न आहे.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण पाहू. तेथे १९९६ साली केलेल्या कायद्याने, संघराज्याच्या दृष्टीने विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच, असे ठरविले होते. पुढे काही राज्यांनी समलिंगी विवाहास मान्यता दिली, काहींनी दिली नाही. परिणामी ज्या कंपन्यांची कचेरी अनेक राज्यांत होती, त्यांच्या हिशेबनिसांपुढे विलक्षण पेच उभा राहिला. एकाच हुद्द्यावरील दोन नोकर; दोघेही विधिपूर्वक विवाहित. एकाच्या पत्नीचा आरोग्यविमा करमुक्त, तर दुसऱ्याच्या जोडीदाराचा तोच विमा त्याचे उत्पन्न समजून त्यावर कर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली झाली की कालचा विवाहित मनुष्य आज अविवाहित! कंपन्यांना दोन प्रकारच्या वह्या ठेवाव्या लागल्या. काहींनी नोकरावर पडणारा जादा कर स्वतःच्या तिजोरीतून भरून दिला. २०१३ साली ‘विंडसर’ खटल्यात आणि मग मार्च २०१५ मध्ये ‘ओबरगेफेल’ खटल्यात त्यांनी हीच अडचण सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. दुसऱ्या खटल्यातील निवेदनावर ३७९ कंपन्या व मालकसंघटनांची नावे होती. २६ जून २०१५ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क देशभर मान्य केला.

या निवेदनात आम्हांस आक्षेपार्ह असे काही दिसत नाही. कायद्यातील विसंगतीमुळे आपल्या वहीखात्यात काय घोटाळा होतो आणि आपल्या नोकरांपैकी काहींवर कसा अन्याय होतो, हे मालकाने सांगितले तर तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सांगत असतो. साक्षीदाराने बोलावेच. त्याने न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसू नये, इतकेच.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. २०१४ साली ‘मोझिला’ या संगणकक्षेत्रातील संस्थेच्या प्रमुखपदी ब्रेंडन आइक यांची नियुक्ती झाली. त्यांनी २००८ साली कॅलिफोर्नियातील समलिंगी विवाहविरोधी प्रस्तावास स्वतःच्या खिशातून एक हजार डॉलर दिले होते. त्यावरून इतका गहजब झाला की, दोन आठवड्यांच्या आत त्यांनी पद सोडले. त्यांचे मत आम्हांस मान्य नाही. पण नागरिक या नात्याने सहा वर्षांपूर्वी बाळगलेल्या मताची किंमत एखाद्यास नोकरीने मोजावी लागावी, हेही आम्हांस मान्य नाही. ज्या न्यायाने समलिंगी कारकुनाला त्याच्या खासगी जीवनामुळे काढता येऊ नये, त्याच न्यायाने धर्मश्रद्ध कारकुनालाही त्याच्या श्रद्धेमुळे काढता येऊ नये.

ऑस्ट्रेलियात २०१७ साली हाच वाद निराळ्या स्वरूपात झाला. वीसहून अधिक कंपन्यांच्या प्रमुखांनी पंतप्रधानांस पत्र लिहून समलिंगी विवाहाचा कायदा करण्याची विनंती केली. त्यावर पीटर डटन या मंत्रिमहोदयांनी, आपापला धंदा सांभाळा, अशा अर्थाचा टोला लगावला. त्याच वर्षी टपालाने लोकमत घेण्यात आले आणि ६१.६ टक्के लोकांनी बाजूने कौल दिला. डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. या मोहिमेत ‘क्वांटास’ विमान कंपनीचे प्रमुख अ‍ॅलन जॉइस अग्रभागी होते. परंतु त्यांच्या टीकाकारांनी विचारलेला प्रश्नही बिनतोड होता. सिडनीत विवाहहक्काचा पुरस्कार करणाऱ्या या कंपनीने भागीदारी केली होती ती ‘एमिरेट्स’शी, आणि दुबईत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. तत्त्व एका विमानतळावर चढते आणि दुसऱ्यावर उतरते, असा हा प्रकार!

वारा पाहून शीड फिरविणे हा दर्यावर्दी माणसाचा गुण खरा. पण तत्त्वाच्या बाबतीत तो अवगुण ठरतो. २०१३ साली ‘स्टारबक्स’च्या सभेत विक्री घटल्याची तक्रार करणाऱ्या एका भागधारकाला हॉवर्ड शुल्झ यांनी, वाटल्यास आपले भाग विकून दुसरीकडे गुंतवावेत, असे ठणकावून सांगितले होते. तो वारा अनुकूल होता. २०२३ नंतर अमेरिकेत वारे फिरले. २०२४ साली ‘फोर्ड’ आणि ‘वॉलमार्ट’ यांनी समलिंगी नोकरांच्या वागणुकीबाबत कंपन्यांना गुण देणाऱ्या वार्षिक पाहणीत भाग घेणे थांबविले. काल दारावर लावलेले तोरण आज उतरविणाऱ्यांना ते तोरण कशासाठी होते, असे विचारले पाहिजे.

आपल्या देशातही याची चुणूक दिसली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘डाबर’ने आपल्या एका प्रसाधनाच्या जाहिरातीत दोन स्त्रिया एकमेकींसाठी करवा चौथचे व्रत करताना दाखविल्या. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा देताच कंपनीने जाहिरात मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. व्रताचा असा उपयोग कित्येक भाविकांस रुचला नसेल, ते आम्ही समजू शकतो. पण कंपनीच्या वर्तनातून एवढेच सिद्ध झाले की, जी भूमिका माल खपविण्यासाठी घेतली जाते ती माल खपेनासा होईल या भीतीने टाकलीही जाते. याउलट ‘टाटा स्टील’ने २०१९ साली, समलिंगी कर्मचाऱ्यांना आपला जोडीदार नोंदविता येईल आणि कायद्याच्या चौकटीतील सवलती त्यालाही मिळतील, असा नियम केला. तो नियम करण्यासाठी कोणत्याही व्रताला हात लावावा लागला नाही.

आता आपल्या वाचकांतील अनेक जण म्हणतील की, विवाह हा संस्कार आहे; त्यात कंपनीचे काय आणि सरकारचे तरी काय? संस्कार तो आहेच, आणि कोणत्या संस्काराचे मंत्र कोणासाठी म्हणावेत हे ठरविणे त्या त्या धर्मसमाजाकडेच राहिले पाहिजे. परंतु गोमंतकीयांना तरी विवाहाची दुसरी बाजू समजावून सांगण्याचे कारण नाही. मंगलाष्टकांपूर्वी निबंधकाच्या कचेरीत जाऊन दोन वेळा सह्या करणारा समाज हा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा विवाहविषयक हुकूमनामा यांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या शिकविले की, विवाह म्हणजे मालमत्ता, वारसा आणि जबाबदारी यांचा करारही असतो. संहिता देणाऱ्या पोर्तुगालने २०१० साली आपल्या देशात समलिंगी विवाहाला मान्यता दिली. मुक्तीनंतर त्या देशाचे बदल आपल्याला लागू होत नाहीत, आणि होऊही नयेत. आपला निर्णय आपणच केला पाहिजे. पण तो करताना होमकुंडाबरोबर निबंधकाची वहीही डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न संसदेचा आहे असे सांगितले. तोपर्यंत काय? दोन माणसे वीस वर्षे एका छपराखाली राहतात; एक आजारी पडतो; इस्पितळात संमतीपत्रावर सही करायला दूरचा पुतण्या शोधावा लागतो आणि उशाशी बसलेल्याला, तुम्ही त्यांचे कोण, असे विचारले जाते. भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येला बांधलेले आहे. संयुक्त बँक खात्यास अडचण नाही, हे सुद्धा सरकारला २०२४ साली खुलासा करून सांगावे लागले. आमची मुले आज बंगळूर, पुणे, मुंबईच्या कंपन्यांत नोकऱ्या करतात. त्यांतील काहींच्या वाट्याला हा प्रश्न आलेला आहे, आणि तो घरी आईबापांपुढे बोलण्याची सोय त्यांना नाही, हे कटू सत्य आपण कबूल केले पाहिजे.

म्हणून कंपन्यांना आमचे सांगणे थोडके आहे. जून महिना आला की नाममुद्रेला सात रंग लावण्याची गरज नाही. विमा, रजा, बदली आणि नोकरीची सुरक्षितता यांबाबत कायद्याने जेवढे करता येते तेवढे नियमपुस्तकात लिहा. जे करता येत नाही त्याची अडचण संसदेपुढे आणि न्यायालयापुढे पुराव्यानिशी मांडा. आणि आपल्याहून निराळे मत असलेल्या नोकरालाही त्याच सन्मानाने वागवा. जनतेलाही सांगायचे आहे. लोकमान्यांच्या पिढीने बहिष्काराचे शस्त्र हाती घेतले ते परकीय सत्तेशी लढण्यासाठी; शेजारच्या घरातील दोन माणसांना एकाकी पाडण्यासाठी ते वापरणे त्या शस्त्राला शोभत नाही.

दुकानाचा तराजू नफातोटा मोजतो. तो त्याचा धर्मच आहे. न्यायाचा तराजू मात्र लोकांच्या प्रतिनिधींच्या, न्यायालयांच्या आणि अखेरीस तुमच्याआमच्या हातात आहे. तो आपण कंपन्यांच्या हाती सोपविला, तर उद्या वारा फिरल्यावर तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.