प्रादेशिक स्वायत्तता आणि भाषिक सीमा : नागपूर ते बीरगांव

‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःच्या अधीन असलेले. लोकशाहीतील प्रदेश या अर्थाने कितपत स्वायत्त असतात, हा प्रश्न बहुधा भाषेच्या अंगाने विचारला जातो. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेनंतर कॅटलोनिया व बास्क प्रदेशांना मिळालेल्या अधिकारांमागे भाषिक अस्मिता होती. भारतातही १९५६ ची राज्यपुनर्रचना प्रामुख्याने भाषेच्या तत्त्वावर झाली. मात्र भाषा आणि स्वशासन यांचा संबंध एवढा सरळ नाही, हे छत्तीसगढच्या उदाहरणावरून दिसते.

अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात राहिले. १९५६ मध्ये ही जोडी फुटली. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. तरीही विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ मध्य प्रदेशात. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाले. छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, २००७ मध्ये. येथे राज्य आधी आले, भाषेची मान्यता मागाहून. विदर्भाच्या वाट्याला मात्र कलम ३७१(२) अन्वये १९९४ मध्ये विकास मंडळ आले. त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

दोन्ही प्रदेशांबाबतचा अंतिम निर्णय संसदेचा होता. कलम ३ नुसार संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, त्याची संमती आवश्यक नसते.

हाच क्रम राज्याच्या आतही आढळतो. रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राच्या परिसरात वसलेल्या बीरगांवला स्वतंत्र महानगरपालिका आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले. परंतु बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांपैकी कोणते सोपवावयाचे, हे राज्य विधिमंडळच ठरवते. बीरगांवचा कारभार ज्या महानगरपालिका अधिनियमाखाली चालतो, तो मूळचा मध्य प्रदेशाचा, १९५६ चा. दिल्लीकडून स्वायत्तता मिळवलेले राज्य ती आपल्या नगरांपर्यंत पोहोचू देते का, याची कसोटी अशा ठिकाणी लागते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक सावधगिरी घ्यावी लागते. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, तेव्हा छत्तीसगढ राज्याचा नकाशा अस्तित्वातही नव्हता. सप्रे यांना आजच्या राज्यसीमांनुसार केवळ एका साहित्यात बसविले, तर नागपूर-रायपूर या जुन्या प्रांताचा दुभाषिक व्यवहारच अभ्यासातून गळतो.