बोलका सहायक आणि कचेरीचें दप्तर

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाचा, ज्यास लोक ‘एआय’ म्हणतात त्याचा, हल्लीं अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतूनही बोलबाला झाला आहे. राज्याच्या कृषि खात्यानें मे २०२५ मध्यें ‘महाविस्तार’ हें ॲप सुरू केलें. त्यांत मराठींत प्रश्न विचारला असतां पीकसल्ला, हवामान व बाजारभाव यांविषयीं उत्तर मिळतें. परंतु असा सहायक बोलण्यापुरता न ठेवतां कचेरीच्या दप्तरास जोडला, तर काय होतें? आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानांत घ्यावा. समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या केंद्रावर तुरीची गाडी काट्यावर चढली. वजन संगणकांत जावें, पावती निघावी, हिशेब व्हावा व खातेदारास मोबाइलवर निरोप जावा, हीं कामें स्वयंचलित प्रणाली करिते. ती आंखलेल्या तासानें चालणाऱ्या बैलासारखी आहे. नेमून दिलेल्या कामापलीकडे तिला कळत नाहीं. उलट सहायकास माणसाची बोली समजते. ‘माझ्या तुरीचे पैसे कां आले नाहींत?’ या प्रश्नाचा आशय तो ओळखतो, पण दप्तर त्याच्या हातीं नसतें. दोघांची सांगड घातली म्हणजे तो दप्तर पाहून उत्तर देतो. आणि अधिकार दिला असल्यास दप्तरांत लिहूंही शकतो.

ट्रॅक्टरच्या मागील तीन ठिकाणांची जोडणी ठराविक मापाची असते, म्हणून नांगर असो कीं पेरणीयंत्र, कोणत्याही कारखान्याचें अवजार तिला लागतें. तशीच सामाईक रीत या कामांतही निघाली आहे. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नांवानें एक रीत प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रणालीनें आपण काय दाखवूं शकतों व काय करूं शकतों, हें सहायकास एकाच पद्धतीनें सांगावें, असा तिचा हेतु आहे.

आतां जोड दोन प्रकारची असते. पहिली पाहण्यापुरती. पी.एम. किसान योजनेचा ‘किसान ई-मित्र’ सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झाला. तो शेतकऱ्यास त्याच्या हप्त्याची स्थिति सांगतो. अशी जोड चुकली तर उत्तर चुकेल, दप्तर शाबूत राहील. दुसरी जोड लिहिण्याची. ती चुकली तर दप्तरच चुकतें, आणि एका नोंदीवर दुसरी नोंद उभी असते. २०२५-२६ च्या हंगामांत कापूस निगमास हमीभावानें कापूस देण्यासाठीं ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली व तिला जमिनीचे आणि पिकाचे कागद लागले. तेथें पऱ्हाटीच्या जागीं सोयाबीन पडलें, तर गाडी भरून आलेल्या कास्तकारानें जावें कोठें?

आम्ही नव्या नोकरींत असतांना वाटणीच्या एका तक्त्यांत १.६२ हेक्टरचें १.२६ हेक्टर लिहून बसलों होतों. सही करण्यापूर्वीं वरिष्ठांनीं मोजणीच्या कागदाशीं ताडून पाहिलें, म्हणून एका गरीब भावाची ३६ आर, म्हणजे पाऊण एकराहून जास्त जमीन वांचली. तो आंकडा आम्ही आजवर विसरलों नाहीं.

जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० चें मर्म हेंच आहे. तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार लिहितो. संबंधितांस नोटीस जाते. हरकतीस पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करितो. लिहिणारा निराळा व प्रमाणित करणारा निराळा. यंत्र आलें म्हणून ही रीत जुनी झाली, असें कोणीं समजूं नये.

यास्तव ज्या संस्थेंत आपण सभासद आहां, तेथें अशी जोड करण्याचें ठरल्यास चार गोष्टी पाहाव्या. एक, आरंभीं सहायकास फक्त पाहण्याचा अधिकार असावा. दोन, लिहिण्याचें काम दिल्यास त्यानें मसुदा करावा व जबाबदार माणसानें मूळ कागदाशीं ताडून तो मंजूर करावा. पैसे देण्याच्या कामीं तर हें अवश्यच. तीन, त्यास चिटणिसाची सगळी किल्ली न देतां कामापुरतीच द्यावी. बाहेरून आलेल्या पत्रांत कोणीं खोडसाळपणानें हुकूम लिहिला, तर सहायक तो धन्याचाच समजून पाळण्याचा संभव असतो. चार, त्यानें काय पाहिलें व काय लिहिलें, याचा वेळेसह रोजनामा राहावा.

सहायकामुळें खेटे वांचतील, वेळ वांचेल. आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु चूक एका क्षणांत होते आणि दुरुस्तीचा अर्ज महिनोन्महिने फिरतो, हें आम्हीं टेबलाच्या आंतल्या बाजूनें पाहिलें आहे. तरी पुढल्या वार्षिक सभेंत प्रत्येक सभासदानें एवढेंच विचारावें: लिहिणार कोण, आणि सही कोणाची?