पहिल्या तासातील सोबत : स्तनपान व प्रसाविका

सन १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचे नाव राज्यभर पोहोचले. पुढे २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंमुळे तीच चर्चा पुन्हा झाली. अशा वेळी सर्वांचे लक्ष धान्य, औषधे व पूरक आहार यांकडे जाते, व ते योग्यच आहे. तथापि बाळाचा पहिला आहार मातेजवळच असतो. तो त्यास वेळेवर मिळावा, हे पाहण्याचे काम प्रसूतीसमयी जवळ असणाऱ्या स्त्रीचे, म्हणजे प्रसाविकेचे आहे.

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळास पाजावे, ही शिफारस आता सर्वमान्य आहे. प्रथम येणारा घट्ट, पिवळसर चीक थोडाच असतो. परंतु पहिल्या दिवशी बाळाच्या जठरात जेमतेम एक-दोन चहाचे चमचे एवढेच मावते. या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये व 'अ' जीवनसत्त्व विपुल असते. अनेक घरांत तो 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळास गुळाचे पाणी वा मध चाटवतात. भरपूर दूध उतरण्यास दोन ते चार दिवस लागतात. या अवधीत 'मला दूधच येत नाही' असे मातेस वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच वेळी तिला आधार हवा असतो.

हा आधार केवळ उपदेशाचा नसावा. प्रसाविका बाळास मातेच्या उघड्या छातीवर ठेवते, मातेच्या पाठीस टेकू देते आणि बाळाचे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबते. स्तनाग्रासह भोवतालचा काळसर भाग तोंडात जावा, हनुवटी स्तनास टेकावी व खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, हे ती पाहते. पकड चुकली तर बाळ ओढते, पण दूध मिळत नाही. मातेस चिरा पडतात, वेदनेमुळे ती पाजणे टाळते आणि दूध खरोखरच आटते. दोन मिनिटांत सुधारता येणारी ही चूक पुढे बाळाच्या वजनात दिसते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास ओढण्याची शक्ती नसेल, तर दूध पिळून वाटी-चमच्याने पाजावे लागते. हे कौशल्य हाताला हात धरूनच शिकविता येते.

दवाखान्यातील प्रसूती वाढल्यामुळे पाड्यावरील सुईणीचे काम कमी झाले आहे. तिचा शब्द मात्र अजून चालतो. सासूबाईंसमवेत तीही आली तर तिला बाहेर बसवू नये, असे आमचे मत आहे. प्रसाविकेने दाखविलेली पकड तिने पाहिली, तर घरी गेल्यावर तीच ती पुन्हा दाखवील. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे आशाताईंच्या गृहभेटी खंडित होतात, परंतु आजी बहुधा सोबत असते.

देणगीदारांस एक विनंती. सदिच्छेने कोणी दूध-पावडरीचे डबे व बाटल्या देऊ करतात. सन १९९२ च्या कायद्याने, अनाथालयांचा अपवाद वगळता, असे दान वर्ज्य आहे. त्याऐवजी मातेच्या जेवणासाठी डाळ, शेंगदाणे व तेल द्यावे, अथवा रात्रपाळीस आणखी एक प्रसाविका नेमण्यास साहाय्य करावे.