चांदीच्या पदकाची किंमत कशी काढावी?

डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. खोल्या रिकाम्या करताना जुन्या ट्रंका उघडतात आणि वाडवडिलांना मिळालेली चांदीची पदके हाती येतात. पुष्कळ बंधू ती सरळ मोडीत देतात. पण मोडीचा भाव ही पदकाची सर्वांत कमी किंमत होय. आमच्या कापडाच्या धंद्यात फाटक्या साडीची जर जाळून चांदी काढतात. चांगली जरीची साडी मात्र कोणी वजनावर विकत नाही. पदकाचेही तसेच आहे.

प्रथम चांदी किती ते पाहा. वजन जास्त म्हणजे चांदी जास्त, असे समजू नये. 1969 चे गांधी शताब्दीचे 10 रुपयांचे नाणे 15 ग्रॅमचे, चांदी 80 टक्के, म्हणजे 12 ग्रॅम. 1972 चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे नाणे 22.5 ग्रॅमचे, पण चांदी निम्मीच, म्हणजे 11.25 ग्रॅम.

घरी तपासायचे तर फीत काढून बारीक काट्यावर वजन करा. मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, पुन्हा वजन करा. मूळ वजनाला घटलेल्या वजनाने भागा. शुद्ध चांदीचा आकडा सुमारे 10.5 येतो, 92.5 टक्क्यांचा 10.3 ते 10.4. पितळ आणि जर्मन सिल्व्हर 9 च्या खाली राहतात. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. झवेरी बाजारात यंत्रावर टंच काढून मिळतो, पण यंत्र वरचा थरच वाचते, मुलामा असला तर चुकते. म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात.

दुसरी किंमत संग्राहकाची. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या पदकावर एका बाजूस पंचम जॉर्ज व राणी मेरी, तर दुसऱ्या बाजूस फारसी मजकूर आहे. उर्दू शिकलेल्यांना तो ओळखता येईल. अशी चांदीची सुमारे 30,000 पदके पाडली गेली, सोन्याची फक्त 200. सरकारने ती नाव न कोरता दिली. म्हणून पदक कोणाला मिळाले याची सनद, पत्र, डबी, फीत जपून ठेवा. किंमत त्यानेच वाढते. राख, चिंच, लिंबू लावून घासू नका; घासलेल्या पदकाचा भाव पडतो. मुंबईत नाणी-पदकांचे जाहीर लिलाव होतात, त्यांचे मागील भाव पाहूनच सौदा करावा.

एक इशारा. 100 वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती आखातात किंवा विलायतेस विक्रीसाठी पाठवणे गुन्हा ठरेल.

वाटणीपूर्वी दोन्ही किमती कागदावर लिहून सर्व वारसांपुढे ठेवा, बहिणींपुढेसुद्धा. एका भावाने मोडीच्या भावाने पदक घ्यायचे आणि पुढे लिलावात विकायचे, हा व्यापार नव्हे, हक्क मारणे आहे.