सायकल ट्रान्सपोर्टने पाठवताय? मोडली तर भरपाई किती, हे बुकिंगलाच ठरतं

मुंबई परिसरातून रस्त्याने जाणारा बराच माल भिवंडीत थांबतो. मानकोली, दापोडे, काल्हेर भागातल्या गोदामांत तो उतरतो, गावानुसार वेगळा होतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. सायकलीला मार बसतो तो या चढ-उतारातच. खोका लांब आणि अरुंद, त्यामुळे तो आडवा टाकला जातो आणि वर इतर माल रचला जातो.

सगळ्यात आधी वाकतो तो मागच्या डिरेल्युअरचा हँगर. डिरेल्युअर सोडवून फ्रेमच्या आत बांधलेला बरा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर हवाच. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींबरोबर आलेले स्पेसर असतात, मागून पाहा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.

खोका जितका लहान, तितकं भाडं कमी. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला ५००० ने भागून वजन धरतात. १४० बाय २० बाय ७५ चा खोका म्हणजे ४२ किलो, आत सायकल १५ किलोची का असेना.

आता भरपाई. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार मालाची किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. भाडं ४०० रुपये असेल तर जास्तीत जास्त ४,००० रुपये, सायकल २५ हजारांची असली तरी! म्हणून बुकिंग करताना किंमत लिहून घ्या. त्यासाठी जादा आकार पडू शकतो, पण इथे पैसे वाचवणं महागात पडतं. कुरिअरच्या पावतीमागचा बारीक मजकूरही वाचा. सही केलेल्या कागदावरची भरपाईची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग प्रकरणात मान्य केली होती.

खोका फाटलेला दिसला तर पोहोच पावतीवर तसा शेरा मारूनच सही करा. पॅकिंग करतानाचे फोटो जपून ठेवा, कारण ‘पॅकिंगच कच्चं होतं’ हे उत्तर ठरलेलं असतं. दावा लावायचा तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. फोनवरची तक्रार त्यात धरली जात नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं मिळतात आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.