बी. बी. किंगची शेवटची मिरवणूक

बी. बी. किंग 14 मे 2015 रोजी लास व्हेगासमध्ये झोपेतच गेला. वय 89. बरीच वर्षं मधुमेह होता, शेवटी शेवटी तर तो खुर्चीत बसूनच गात असे. अशा मरणाला आपल्याकडे ‘सोनं झालं’ म्हणतात आणि लोक कामाला लागतात. मग मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर शेकडो माणसं दुतर्फा का उभी राहिली? त्यांतल्या कितीतरी जणांनी त्याला फक्त रेडिओवर आणि रेकॉर्डवर ऐकलं होतं.

ब्लूज हे मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या काळ्या मजुरांचं गाणं. गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. मजुरानं अर्धेलीनं कसायचं आणि हिशेबाच्या दिवशी पुन्हा कर्जातच निघायचं. गाण्याची बांधणी अगदी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. मुशायऱ्यात आम्ही पहिला मिसरा दोनदा म्हणतो, तेव्हा ऐकणारा दुसऱ्याची वाट पाहू लागतो. तसंच हे. रडगाणं मात्र नव्हे. त्यात थट्टा असते, बायकोची तक्रार असते, मालकाला आडून मारलेला टोमणाही असतो.

बी. बी.चं खरं नाव रायली. 1925 साली अशाच एका मजुराच्या खोपटात तो जन्मला. आई लहानपणीच गेली. पुढे इंडियानोला गावाजवळच्या मळ्यावर तो ट्रॅक्टर चालवी आणि शनिवारी गावात येऊन कोपऱ्यावर गाई. तो सांगत असे, की भक्तिगीत गायलं की लोक पाठ थोपटत आणि ब्लूज गायलं की पैसे टाकत. निवड सोपी होती! मेम्फिसला ‘डब्ल्यूडीआयए’ या रेडिओ केंद्रानं त्याला घेतलं. काळ्या श्रोत्यांसाठीच कार्यक्रम करणारं हे अमेरिकेतलं पहिलं केंद्र. तिथं तो एका टॉनिकची जाहिरात गात असे. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’चं आखडून ‘बी. बी.’ झालं ते तिथंच. रेडिओवर बोलणाऱ्या मला याचं थोडं अप्रूप वाटतं.

त्याच्या गिटारीचं नाव ल्युसिल. 1949च्या हिवाळ्यात आर्कन्सॉमधल्या ट्विस्ट गावी नाच चालू असताना दोन पुरुषांची मारामारी झाली, शेकोटीसाठी पेटवलेलं रॉकेलचं पिंप कलंडलं आणि जागा पेटली. बाहेर पळालेला बी. बी. गिटारीसाठी परत आत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं असं कळलं, तेव्हा असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यानं गिटारीला तेच नाव दिलं. तो गाताना वाजवत नसे. ओळ संपली की थांबे आणि मग ल्युसिल बोले. एकच सूर, बोटानं थरथरवलेला.

1956 साली त्यानं 342 ठिकाणी कार्यक्रम केले. तरी एक वेळ अशी आली, की काळी तरुण पोरं ब्लूजकडे पाठ फिरवू लागली. ते गाणं ऐकलं की त्यांना कापूस आणि अपमान आठवत असे. मला त्यांचा राग येत नाही. बापाच्या फाटक्या सदऱ्याचा मुलाला अभिमान वाटायला एक पिढी जावी लागते. नेमक्या त्याच काळात, 1967 साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गोऱ्या तरुणांनी तो वाजवण्याआधीच उभं राहून टाळ्या वाजवल्या. बी. बी. मंचावर रडला.

म्हणून 27 मे 2015ची ती मिरवणूक मला महत्त्वाची वाटते. पुढे ब्रास बँड आणि शवगाडीसमोर बॉबी ब्लँड या दिवंगत ब्लूज गायकाचा मुलगा, हातात ल्युसिल धरलेला. काळी-गोरी, म्हातारी-तरुण माणसं एकाच फुटपाथवर होती. ज्या शहरात त्यांच्या आजोबांना वेगवेगळ्या दारांनी आत जावं लागे, तिथं. मग गाडी हायवे 61नं दक्षिणेला निघाली. हाच तो रस्ता, ज्यानं लाखो मजूर कापूस सोडून उत्तरेला गेले. बी. बी. उलटा, घरी चालला होता.

30 मे रोजी इंडियानोलाच्या बेल ग्रोव्ह चर्चमध्ये प्रार्थना झाली. जागा पुरेना, म्हणून शेजारच्या दालनात पडदा लावला होता. लोक त्याचं चित्र छापलेले हातपंखे हलवत बसले होते. नंतर त्याला पुरलं ते 2008 साली उघडलेल्या त्याच्याच संग्रहालयाच्या आवारात. त्या संग्रहालयात विटांची एक जुनी इमारत सामावून घेतली आहे. ती सरकी काढण्याची जिनिंग होती आणि 1940च्या दशकात रायली किंग तिथं मजुरीला होता.